नंबर कुठे लागेल?

मराठीत कॉलेजला नंबर ‘लागतो’. भूक लागते, ठेच लागते, ऊन लागतं, लॉटरी लागते, तसाच नंबर लागतो. वाक्याचा कर्ता नंबर. ज्याचा नंबर लागतो ते पोरगं षष्ठी विभक्तीत कुठेतरी कडेला उभं असतं. ‘शेजारच्या काकांच्या पोरीचा पुण्याला नंबर लागला.’ या वाक्यात पोरगी काहीच करत नाही, तिला काहीतरी होतं. ‘मी अमुक कॉलेज निवडलं’ असं वाक्य आमच्या पट्ट्यात, म्हणजे आंबेगाव-जुन्नरमध्ये, मी फार कमी वेळा ऐकलंय. ‘कुठे लागला?’ एवढंच विचारतात. उत्तरात गाव सांगायचं असतं. शाखा नंतर.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. घर मंचरच्या बाजूला, नोकरी पुण्यात. इंजिनियरिंग केलेला गावातला पोरगा म्हणून दर वर्षी सीईटीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. “दादा, ९१ आहे, कुठं लागंल?” “भाऊ, पोराला ७८ पडलेत, काय चान्स?” नारायणगाव, ओतूर, घोडेगाव, आळे. कधी डिंभ्याच्या पलीकडून, रेंज येईल तसं तुटक तुटक. या फोनांमुळे गेली काही वर्षं मी दोन प्रकारचा मजकूर नेमानं वाचतोय. एक, सीईटी सेलची मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ. दुसरा, ‘कॉलेज प्रेडिक्टर’ नावाची वेबसाइट किंवा ॲप, ज्यात पर्सेंटाइल आणि कॅटेगरी टाकली की कॉलेजांची हिरवी, पिवळी, लाल यादी येते. लाखो घरांत हा मजकूर वाचला जातो, त्यावर आयुष्यातले निर्णय होतात, आणि त्याची समीक्षा मात्र कोणी करत नाही. कवितासंग्रहाची करतात, सिनेमाची तर पहिल्या शोच्या आत करतात. म्हणून हा प्रयत्न.

आधी पीडीएफ. शेकडो पानं. प्रत्येक कॉलेज, त्याखाली प्रत्येक शाखा, त्याखाली तक्ता. वर आडव्या ओळीत सांकेतिक शब्द : जीओपनएस, एलओपनएच, जीएसटीओ, टीएफडब्ल्यूएस. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं गाडीचे पासिंग नंबर आहेत. पण यात व्याकरण आहे आणि ते एकदा कळलं की अख्खा महाराष्ट्र त्यात दिसतो. पहिलं अक्षर जी किंवा एल, म्हणजे सर्वसाधारण जागा की मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटी एस, एच किंवा ओ : राज्यस्तरीय जागा, आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्यांसाठीची, की बाहेरच्यांसाठीची. टीएफडब्ल्यूएस म्हणजे आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी शिक्षण शुल्क माफ असलेल्या थोड्या जादा जागा. प्रत्येक चौकटीत दोन आकडे : वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. बस. नाव नाही, गाव नाही, शाळा नाही.

यातला पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत असतो. सातच का, तर सारख्या गुणांच्या पोरांची गर्दी फुटावी म्हणून. पण वाचणाऱ्यावर त्याचा वेगळाच परिणाम होतो. इतक्या बारीक मोजलेल्या गोष्टीत चूक कशी असेल, असं वाटतं. सोनाराच्या काट्यावर वजन केल्यासारखं. त्यात आमच्याकडे पर्सेंटाइलला अजूनही ‘टक्के’ म्हणतात. ‘नव्वद टक्के पडले’ म्हणून पेढे वाटले जातात. ९० पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के मार्क नव्हेत. दर शंभरातली दहा पोरं तुमच्या पुढे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. समजा गणिताच्या गटाला तीन लाख पोरं बसली, तर ती पुढची दहा टक्के म्हणजे तीस हजार पोरं. ९९ ला तीन हजार पुढे. आणि ०.१ चा फरक म्हणजे तीनशे जण. हे सांगितलं की फोनवर थोडा वेळ शांतता असते. मला ती शांतता आवडत नाही, पण पेढ्यांच्या हिशेबानं ऑप्शन फॉर्म भरण्यापेक्षा बरी.

आता या मजकुराचा सगळ्यात मोठा गैरसमज. ‘सीओईपीनं यंदा कटऑफ वाढवला’, ‘त्या कॉलेजचा कटऑफ ९५ चा आहे’, असं आपण बोलतो, जणू कॉलेजच्या गेटवर कोणी पट्टी धरून उभा आहे. कटऑफ कोणी ठरवत नाही. जागा भरत भरत जातात, शेवटच्या जागेवर जो बसतो त्याचा आकडा छापतात. तो उंबरठा नाही, शेवटच्या माणसाच्या पायाचा ठसा आहे. पुढच्या वर्षी त्या वाटेनं किती लोक येतील, कोण कुठे वळेल, हे ठशात नसतं. म्हणूनच एकाच कॉलेजात कॉम्प्युटरचा कटऑफ आभाळात आणि सिव्हिलचा बराच खाली असतो. सिव्हिलचे मास्तर वाईट शिकवतात असं त्यातून निघत नाही. त्या वर्षी लोकांना काय हवं होतं, एवढंच निघतं.

हे मी नारायणगावच्या एका काकांना सांगायला गेलो तर त्यांनी मलाच समजावलं. म्हणाले, “म्हंजे टोमॅटोसारखंच की.” मागच्या वर्षी टोमॅटोला भाव आला की या वर्षी सगळे टोमॅटो लावतात, आणि नारायणगावच्या मार्केटात क्रेटला गिऱ्हाईक मिळत नाही. भाव कालचा, लागवड आजची, विक्री उद्याची. कटऑफचंही तेच. मागच्या वर्षी एखादी शाखा खाली गेली की यंदा सगळे सल्लागार तीच सुचवतात, आणि ती वर जाते. मी चार वर्षं इंजिनियरिंग करून आणि पुढे पाच-सहा वर्षं कोड लिहून जे सांगत होतो, ते काकांनी एका वाक्यात उरकलं. फरक एकच : टोमॅटोचा भाव छापणारा कोणी ‘तुमचा चान्स ७२ टक्के’ असं लिहून देत नाही.

तेव्हा प्रेडिक्टरकडे वळू. हा दुसरा मजकूर पहिल्याच्या पोटातून निघालेला. मी कुतूहल म्हणून एका रविवारी असा एक स्वतः लिहून पाहिला. पीडीएफमधून तक्ते काढायचे, दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवायचे, तुमचा आकडा त्यांच्या वर असेल तर हिरवा, जवळ असेल तर पिवळा, खाली असेल तर लाल. सगळा वेळ पीडीएफ सरळ करण्यात जातो. भविष्य सांगणारा भाग पंधरा-वीस ओळींत होतो. बाजारातले सगळे इतके साधे असतील असं मी म्हणत नाही, पण कच्चा माल सगळ्यांचा तोच : जाहीर झालेल्या कटऑफच्या याद्या.

आणि हा कच्चा माल सगळ्यांसाठी सारखा नाही. समीक्षेचा माझा मुख्य मुद्दा हाच. साठ जागांची एक शाखा घ्या. खुल्या प्रवर्गाच्या राज्यस्तरीय चौकटीत बऱ्यापैकी जागा असतात, त्यामुळे तिथला शेवटचा आकडा दर वर्षी फार उड्या मारत नाही. आता अनुसूचित जमातीचं आरक्षण सात टक्के. साठाचे सात टक्के म्हणजे चार जागा. त्यात तीस टक्के मुलींसाठी, म्हणजे एक. उरलेल्या तिनांत ‘एच’ आणि ‘ओ’ अशी फाळणी झाली की कोणत्या चौकटीत दोन जागा, कोणत्या चौकटीत एक. म्हणजे ज्याला आपण ‘एसटी मुलींचा कटऑफ’ म्हणतो तो कित्येकदा एका मुलीचा आकडा असतो. एकीचा. मागच्या वर्षी ती हुशार पोरगी होती म्हणून कटऑफ वर गेला. त्याआधीच्या वर्षी कोणीच आलं नाही म्हणून चौकट रिकामी. या दोन वर्षांवरून तिसऱ्या वर्षाचा अंदाज बांधणं म्हणजे एका घरचा पाहुणा बघून गावाची जत्रा किती भरेल ते सांगणं.

जुन्नर आणि आंबेगावचा नकाशा ज्याला माहीत आहे त्याला हे लगेच लागेल. पूर्वेकडे कालवे, ऊस, द्राक्षं, टोमॅटो, बिबट्या. पश्चिमेकडे भीमाशंकर, नाणेघाट, डिंभे धरणाचं पाणी, भातखाचरं, हिरडा, आणि महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्या. पूर्वेकडच्या पोराला क्लास, ओळखीतला इंजिनियर, पुण्यातली आत्या असं काही ना काही असतं. पश्चिमेकडच्या पोरीला बऱ्याचदा फक्त फोनवरचा प्रेडिक्टर असतो. म्हणजे ज्याला या अंदाजाची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच्यासाठीच तो सगळ्यात कच्चा. पण पडद्यावर रंग तोच. खुल्या प्रवर्गातल्या मोठ्या चौकटीवरून काढलेला लाल आणि एका मुलीच्या आकड्यावरून काढलेला लाल, दोन्ही एकसारखेच लाल. चांगल्या निवेदकानं आपण किती खात्रीनं बोलतोय हे आवाजातून कळू द्यावं लागतं. हा निवेदक सगळं एकाच सुरात सांगतो.

शिवाय तो जे विचारत नाही त्याची यादी मोठी आहे. जात पडताळणीचा दाखला हातात आहे का? आदिवासी प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा तर वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याची फाइल कुठल्या टेबलावर आहे, यावर एखाद्या पोरीचं वर्ष अवलंबून असतं, तिच्या पर्सेंटाइलवर नाही. वसतिगृह मिळेल का? वडील पुण्यात एकटीला ठेवायला तयार आहेत का? राज्य सरकारनं जुलै २०२४ मध्ये आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. तेव्हापासून आमच्याकडच्या कित्येक घरांत ‘कुठे परवडेल’ हा प्रश्न मागे पडून ‘कुठे पाठवायचं’ हा प्रश्न पुढे आला. प्रेडिक्टरच्या फॉर्ममध्ये यातल्या कशालाच रकाना नाही. चान्स म्हणजे फक्त आकड्याचा चान्स.

इथवर वाचून कोणी म्हणेल, ठीक आहे, अंदाज कच्चा आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. इथे मला वाद घालायचाय. कारण हा अंदाज जिथे वापरला जातो तिथे त्याची गरजच नाही, आणि वापरला तर तोटा होतो.

कॅप राऊंडचा ऑप्शन फॉर्म. त्यात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, आपल्या पसंतीच्या उतरत्या क्रमानं. मग यंत्र काय करतं? मेरिट यादीतल्या पहिल्याला विचारतं : तुझ्या यादीतलं वरून पहिलं मोकळं काय? ते त्याला देतं. मग दुसऱ्याला. तुमची पाळी येते तेव्हा तुमच्या यादीत वरून खाली येत येत जिथे तुमच्यासाठी जागा सापडते तिथे थांबतं. वरच्या दहा ओळींत जागा नसेल तर अकरावीवर येतं. त्या दहा ओळी लिहिल्याबद्दल दंड नाही. अकराव्या कॉलेजला कळतसुद्धा नाही की तुम्ही त्याला अकरावं लिहिलं होतं. डेव्हिड गेल आणि लॉईड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये कॉलेज प्रवेश आणि लग्नं जुळवणं या दोन्हींवर मिळून एक छोटा निबंध लिहिला, तिथून या सगळ्या विचाराची सुरुवात. त्याच कामाच्या पुढच्या वाटचालीसाठी शॅप्लींना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल ॲल्विन रॉथ यांच्याबरोबर मिळालं. आपली कॅपची पद्धत त्याहून साधी आहे, पण तत्त्व तेच : जे खरंच हवंय ते, हव्या त्या क्रमानं लिहा. फॉर्म तुम्हाला ‘काय हवंय’ विचारतो. ‘काय मिळेल’ ते यंत्र बघून घेईल.

आणि आपण काय करतो? प्रेडिक्टरनं लाल दाखवलेल्या ओळी खोडतो. ‘उगाच कशाला, लागणार थोडंच आहे.’

आता त्यातली गोम बघा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर ती जागा आपोआप फ्रीज होते. घ्यायची तर तीच, पुढच्या फेऱ्यांत वर सरकायची सोय नाही. २०२५ मध्ये फेऱ्या चार झाल्या आणि दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पर्यायांना हाच नियम लागला. म्हणजे लाल ओळी खोडून तुम्ही ‘हातातलं’ कॉलेज पहिल्या क्रमांकावर आणलंत, की पहिल्याच फेरीत तुम्ही तिथे कुलूपबंद. नंतरच्या फेऱ्यांत आयआयटी-एनआयटीला जाणारी पोरं जागा सोडतात, शाखा बदलतात, वरच्या चौकटी मोकळ्या होतात, आणि तुम्ही रांगेतच नसता. कटऑफच्या पीडीएफमध्ये प्रत्येक फेरीचा वेगळा तक्ता असतो, तो बघितला तर हे उघड्या डोळ्यांना दिसतं. प्रेडिक्टरनं ‘लागणार नाही’ म्हटलं, तुम्ही ते मानून ओळ खोडली, आणि मग ते खरंच लागलं नाही. स्वतःचं भविष्य स्वतःच खरं करून दाखवणारा ज्योतिषी.

दोन वर्षांपूर्वी मंचरच्या मार्केटमधल्या ओळखीतून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. डिंभ्याच्या पाणलोटाकडचं गाव, बारावी घोडेगावला. पर्सेंटाइल चौऱ्याऐंशीच्या आसपास, एसटी प्रवर्ग, वैधता प्रमाणपत्र नशिबानं हातात. तिला इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन हवं होतं, आणि कारण विचारलं तर ती म्हणाली, खोडद. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदची जीएमआरटी दुर्बीण लोकांसाठी खुली असते, शाळांची प्रदर्शनं भरतात. ती नववीत असताना गेली होती. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, अशा तीस, जुन्नरच्या शेतांमधून दूरवर पसरलेल्या, आणि त्या बघत नाहीत, ऐकतात, हे तिला तिथे कोणीतरी समजावून सांगितलं होतं. आमच्या तालुक्यांत जगभरचे शास्त्रज्ञ वेळ मागून वापरतात अशी वस्तू उभी आहे, आणि आम्ही तिच्यासमोर सेल्फी काढून मिसळ खायला जातो. ही पोरगी मात्र काहीतरी घेऊन परत आली होती.

तिच्या हातात एक छापील कागद होता, एका समुपदेशकानं पैसे घेऊन काढून दिलेला. पहिल्या क्रमांकावर अवसरी. म्हणजे अवसरी खुर्दचं सरकारी इंजिनियरिंग कॉलेज, आंबेगाव तालुक्यातच, २००९ साली सुरू झालेलं. चांगला पर्याय, घरापासून जवळ, सरकारी फी. पण तिनं मूळ वहीत वर लिहिलेली पुण्यातली कॉलेजं, सगळ्यात वर १८५४ सालापासूनचं सीओईपी, कागदावर नव्हती. “ती लाल होती म्हणून काढली सरांनी,” ती म्हणाली. वडील म्हणाले, “उगं आशा लावून काय उपेग, भाऊ.”

आम्ही त्या ओळी परत घातल्या. वडिलांना मी यंत्राची रीत दोनदा सांगितली. तिसऱ्यांदा पोरीनं सांगितली, माझ्यापेक्षा नीट. पहिल्या फेरीत अवसरी लागलं, खालच्या क्रमांकावर, त्यामुळे फ्रीज झालं नाही. तिनं ती जागा धरून ठेवली आणि पुढच्या फेऱ्यांची वाट बघितली. वरचं काहीच लागलं नाही. ती अवसरीला गेली. म्हणजे निकाल समुपदेशकाच्या कागदावर होता तोच. फोन करून तिनं सांगितलं आणि वर म्हणाली, “पण दादा, नाही त्यांनी म्हटलं. मी नाही म्हटलं.”

शहाणी माणसंसुद्धा त्या ओळी का खोडतात, याचं एक कारण मला आपल्या पडद्यावरच्या गोष्टींत दिसतं. ‘थ्री इडियट्स’ (२००९), ‘कोटा फॅक्टरी’ (२०१९ पासून), ‘ट्वेल्थ फेल’ (२०२३). तिन्ही मला आवडतात. कोटा फॅक्टरीची काळी-पांढरी चौकट तर हॉस्टेलच्या काळात आम्ही पाठ केली होती. पण या गोष्टींत निवड अशी नसतेच. एकच दार असतं : आयआयटी, यूपीएससी. त्यातून आत किंवा बाहेर. ‘थ्री इडियट्स’मधली पोरं तर सिनेमा सुरू होतानाच आत असतात. निकालाच्या क्षणी कॅमेरा चेहऱ्यावर जातो, संगीत वाढतं. नायकाला तीनशे ओळींचा फॉर्म कधीच भरावा लागत नाही. ‘ट्वेल्थ फेल’ पुन्हा सुरुवात करण्याचं गाणं गातो आणि ते खरंही आहे, पण पुन्हा सुरुवात करायला एक अख्खं वर्ष लागतं, आणि ते वर्ष कोणाच्या घरात शिल्लक असतं, हे तो हळूच बाजूला ठेवतो. भातलावणीच्या दिवसांत घरात दोन हात कमी असणं काय असतं, ते त्या गाण्यात बसत नाही.

या गोष्टींवर वाढलेल्या डोक्याला ‘चान्स’ म्हणजे हो किंवा नाही, हिरो किंवा फेल, एवढंच कळतं. खरं आयुष्य मात्र तीनशे ओळींच्या मधल्या भागात घडतं. दहावी ओळ की चौदावी. इन्स्ट्रुमेंटेशन की मेकॅनिकल. एसटीनं रोज ये-जा की हॉस्टेल. यावर सिनेमा निघणं अवघड आहे, कबूल. पण निदान लेखन तरी हवं होतं. मराठीत गावाहून पुण्याला शिकायला आलेल्या पोरांवर कादंबऱ्या आहेत, ‘कोसला’ १९६३ पासून आपल्याकडे आहेच, पण त्यांचा भर पोरगं पुण्यात पोचल्यानंतरच्या दिवसांवर असतो. पोचायच्या आधीच्या त्या आठवड्यावर, फॉर्म लॉक करायच्या आदल्या रात्रीवर, माझ्या वाचनात काही नाही.

अमेरिकेत राहणारे आपले लोकही हाच प्रश्न विचारतात, फक्त तिथे तो वेगळ्या जागी दुखतो. तिथल्या नामांकित खासगी विद्यापीठांत निकष उघड नसतात. हार्वर्डवरच्या खटल्यात २०१८ मध्ये बाहेर आलं की अर्जदाराला अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ असे वेगवेगळे गुण आकड्यांत दिले जातात. २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं वंशाचा विचार बंद झाला, बंद खोली राहिलीच. न्यू जर्सीतली आई ‘चान्स किती’ म्हणून सल्लागाराला डॉलर देते, कारण आत काय चाललंय ते कळायला दुसरी वाट नाही. आपल्याकडे उलट आहे. गुण उघड, मेरिट नंबर उघड, मागच्या वर्षीचा शेवटचा आकडा उघड, वाटपाची रीतही उघड. तरीही आपण अंदाज विकत घेतो.

का, याचं उत्तर थोडं कडवट आहे. अंदाजाचा खरा उपयोग फॉर्म भरायला नाहीच, फॉर्मच्या बाहेरच्या निर्णयांना आहे. वर्ष गॅप घ्यायचं का. पुण्यात खोली बघून ठेवायची का. आणि सगळ्यात मोठा : कॅपच्या आधीच कुठे मॅनेजमेंट कोट्यातून ‘सीट बुक’ करायची का. लाल यादी बघून घाबरलेलं घर हे तिसरं फार लवकर करतं. माझ्या नात्यातल्या एका घरानं एकदा जूनमध्येच एका खासगी कॉलेजला मोठी रक्कम भरली, कारण एका ॲपवर सगळं लाल होतं. ऑगस्टमध्ये कॅपमधून त्याहून बरं कॉलेज लागलं, आणि भरलेल्या पैशांतले किती परत मिळतात यावर दिवाळीपर्यंत खेटे झाले. अशी उदाहरणं आठवली की मी त्या लाल रंगाकडे गणित म्हणून बघू शकत नाही. भीती विकायला रंग लागतो आणि लाल स्वस्त पडतो.

म्हणजे प्रेडिक्टर बंद करावेत का? नाही. पोरांना ते लागणारच, आणि दहावीनंतरही लागणार. अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश आधी पुण्या-मुंबईसारख्या भागांपुरता होता, २०२५ पासून राज्यभर झाला. म्हणजे जुन्नरचा दहावीचा पोरगासुद्धा आता पसंतीक्रम भरतो. पंधराव्या वर्षी. पण निदान लिहिणाऱ्यांनी मजकूर सुधारावा. ‘७२ टक्के’ लिहिण्याऐवजी ‘मागच्या वर्षी या चौकटीत २ जागा होत्या’ असं लिहावं. एकाच विद्यार्थ्याच्या आकड्यावरून रंग काढला असेल तर रंगच दाखवू नये, चौकट करडी ठेवावी. प्रत्येक फेरीचा आकडा शेजारी शेजारी द्यावा. आणि यादीच्या वर एक ओळ मोठ्या अक्षरात : ही यादी बघून तुमच्या फॉर्ममधलं काहीही खोडू नका. या बदलांना फार तर एक शनिवार-रविवार लागतो. मी माझ्यापुरतं तसं करून ठेवलंय, आणि फोन आला की लिंक पाठवतो.

गंमत म्हणजे करड्या चौकटी बघून लोक खूश होत नाहीत. परवाच ओतूरहून एकाचा फोन आला होता. म्हणाला, “दादा, तुमच्या ॲपात निम्मं तर सांगितलंच नाही.” मी म्हटलं, निम्मं माहीतच नाही. तो जरा थांबला आणि म्हणाला, “मग ते वर लिहू का खाली?” मी विचारलं, तुला कुठलं आवडतं? यावर तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं रेंज गेली.